तात्यांचा पहिला नंबर

"पहिला नंबर म्हंजे पहिला," तात्या कंडक्टरला सांगत होते. "कवाबी हुडका."

"कशात पहिला?"

"बुटांत. नेटवर घालायचं, 'स्पेशल शूज कोल्हापूर'. सगळ्यात वर कोण येतंय? आर. बी. सातपुते. म्हंजे मी. आणि ही पोरगी बसलीया न्हवं, हिनं आणलाय त्यो नंबर."

कंडक्टरनं माझ्याकडे कौतुकानं बघितलं. मी खिडकीबाहेर बघायला लागले. हातकणंगले मागे पडलं होतं, मिरज यायला अजून बराच वेळ होता. तेवढ्या वेळात काहीतरी घडायला हवं होतं. गाडीचं टायर फुटावं, डॉक्टरबाई रजेवर निघाव्यात, मिरजेतली लाइट जावी. तिन्हींपैकी काहीही मला चाललं असतं.

कारण तात्यांचा पहिला नंबर फक्त तात्यांच्याच कम्प्युटरवर होता.

याला आता अकरा वर्षं होतील. मी तेव्हा चोवीसची होते. राजारामपुरीत झेरॉक्सच्या दुकानावर एक खोली, दोन कम्प्युटर आणि 'तुमची वेबसाइट पहिल्या नंबरवर' असा बोर्ड. तो बोर्ड लावताना माझा त्यावर पक्का विश्वास होता. सहा महिन्यांच्या कोर्समध्ये जे शिकवलं ते मी वेदवाक्य मानलं होतं. लोक जे शब्द टाकून शोधतात ते पानावर पन्नास वेळा लिहायचे. एवढं वाचायला घाण दिसतं, म्हणून उरलेले शब्द पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत लिहायचे. माणसाला दिसत नाहीत, मशीनला दिसतात. शिवाय एक कंपनी होती, ती तीनशे अनोळखी वेबसाइटींवर आपलं नाव टाकून द्यायची, तेही पैसे देऊन घ्यायचं. एवढं केल्यावर नंबर न येऊन सांगतो कुणाला?

रघुनाथ सातपुत्यांना अख्खं सुभाषनगर तात्या म्हणायचं. त्या भागात घरटी चपला होतात, पण तात्या एकटे वेगळं काम करायचे. एक पाय आखूड, कुणाचं पाऊल आत वळलेलं, कुणाच्या टाचेला हाड नाही, अशा पायांचे बूट. वय एकसष्ट, हाताखाली दोन कारागीर. मुलगा पिंपरीला. तो दर रविवारी फोन करून एकच सांगायचा, कारखाना बंद करा आणि इकडे या. 'दिवाळीपतोर बघतो,' हे तात्यांचं ठरलेलं उत्तर. त्यांच्याकडं येणारी माणसं जुनी होती. नवं कुणी येत नव्हतं, कारण असा माणूस कोल्हापुरात आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणून ते माझ्याकडं आले.

वेबसाइट सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात त्यांचा फोन आला. "केतकी, आलो की वर!" मी धावत गेले. खरंच, त्यांच्या कम्प्युटरवर त्यांचं पान सगळ्यात वर होतं. मला अस्मान ठेंगणं झालं. खोलीवर येऊन मी माझ्या मशीनवर बघितलं, तर चौथ्या पानावर. कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत गेले, तिथंही चौथ्या पानावर. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तात्या रोज सकाळी उदबत्ती लावली की स्वतःचं नाव शोधायचे आणि दहा वेळा स्वतःचंच पान उघडायचे. जितक्या वेळा दाबू तितका नंबर घट्ट राहतो, अशी त्यांची समजूत होती. रोजच्या गिऱ्हाइकापुढं हॉटेलवाला न विचारता चहा ठेवतो, तसं ते मशीन त्यांच्यापुढं त्यांचंच पान ठेवत होतं. बाकी जगाला त्याचा पत्ताही नव्हता.

मी त्याच संध्याकाळी सांगणार होते. गेले तर तात्या गल्लीत पेढे वाटत होते. एक माझ्याही हातावर ठेवला. मी खाल्ला.

त्यानंतर आठ महिने गेले. त्या गल्लीतली सात दुकानं माझ्याकडं आली, सगळी तात्यांनी धाडलेली. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी मनाशी म्हणत होते, आणखी थोडे शब्द घालू, खरोखरचा नंबर येईल, मग सांगायची गरजच उरणार नाही. मी शब्द घालत राहिले. मधूनमधून तात्या विचारायचे, "नंबर पहिला, मग फोन का गं येत न्हाई?" मी म्हणायचे, "वेळ लागतो, तात्या."

आणि आता ते मिरजेला निघाले होते. तिथल्या एका मोठ्या दवाखान्यात आत वळलेली पावलं घेऊन जन्मलेल्या बाळांवर उपचार व्हायचे. आठवड्या-आठवड्याला प्लास्टर बदलून पाऊल सरळ करतात, पण तेवढ्यानं भागत नाही. पुढं आधी काही महिने दिवसरात्र आणि मग चार वर्षं झोपताना एका पट्टीला जोडलेले दोन बूट घालावे लागतात. नाही घातले की पाऊल परत आत वळतं. हे बूट कुठं मिळतात त्याचा एक छापील कागद डॉक्टर आईबापांना देत. त्यावरची तिन्ही नावं पुण्या-मुंबईची होती. तात्यांचं नाव त्यात आलं असतं तर कारखाना दिवाळीनंतरही चालला असता. तिथल्या डॉक्टरबाईंच्या भेटीची वेळ तात्यांनी स्वतः मिळवली होती. नमुन्याचा जोड पिशवीत होता आणि पिशवी मांडीवर.

"तात्या," मी म्हटलं, "डॉक्टरबाईंना नंबरचं काही सांगू नका. काम दाखवा नुसतं."

"का?"

"बढाई मारल्यासारखं वाटतं."

"हाय ते सांगाय कसली आलीय बढाई?" ते म्हणाले. "तू लाजू नको. कष्ट केलीयास."

जयसिंगपूरला गाडी दहा मिनिटं थांबली. तात्यांनी उसाचा रस आणला. सांगून टाकावं असं तीनदा तोंडापर्यंत आलं, आणि तिन्ही वेळा मी ते रसाबरोबर गिळलं.

टायर फुटलं नाही. डॉक्टरबाई रजेवर नव्हत्या. त्यांच्या खोलीत ट्यूब लखलखीत पेटलेली होती आणि टेबलावर कम्प्युटर चालू होता.

डॉ. हेर्लेकर पन्नाशीच्या, बोलणं तुटक पण वाकडं नाही. त्यांनी तात्यांचा जोड हातात घेतला, आतून बोट फिरवलं, पट्टी वाकवून बघितली.

"आतली शिवण कुठं गेली?"

"आत शिवणच न्हाई, बाई. समदी भायेरनं. ल्हान पोरगं सांगतंय थोडंच, मला टोचतंय म्हणून."

बाईंनी मान वर करून त्यांच्याकडं नीट बघितलं. "काम चांगलं आहे. पण सातपुते, मी एकदा नाव छापलं की लोक डोळे झाकून तुमच्याकडं येणार. मला तुमची काहीच माहिती नाही. तुम्हाला ओळखतं कोण?"

तात्या हसले. याच प्रश्नाची ते वाट बघत होते.

"हातच्या काकणाला आरसा कशाला? तुमच्याच कम्प्युटरवर बघा की. स्पेशल शूज कोल्हापूर. पहिला नंबर."

बाईंनी टाइप केलं. मी भिंतीवरचा सांगाड्याचा तक्ता बघत बसले.

"हे तर पुण्याचं आलं. दुसरंही पुण्याचंच." त्यांनी खाली नेलं. "तुम्ही नाही दिसत यात."

"असं कसं?" तात्या उठून उभे राहिले. "केतकी, बघ गं."

"सर्व्हर डाऊन असेल," मी म्हटलं. "कधी कधी होतं तसं. मॅडम, मी थेट पत्ता सांगते, तो टाका."

मी पत्ता सांगितला, पान उघडलं. वर तात्यांचा फोटो, खाली बुटांचे फोटो आणि इंग्रजीत मजकूर. बाई वाचायला लागल्या आणि कपाळाला आठी पडली. "स्पेशल शूज कोल्हापूर, बेस्ट स्पेशल शूज कोल्हापूर, आमचे स्पेशल शूज कोल्हापूरमधले... हे काय लिहिलंय? असो. मला तुमचं लिखाण नाही छापायचं. फोन नंबर घेते तुमचा."

मी सुटले असं मला वाटलं. खरंच तसं वाटलं. बाईंनी नंबर कॉपी करण्यासाठी माउस दाबून खाली ओढला. हात जरा जास्तच खाली गेला आणि नंबराखालची मोकळी पांढरी जागा निळी झाली. त्या निळ्यात माझी पांढरी अक्षरं उमटली. एक-दोन ओळी नव्हेत, अर्धं पान.

बाई जवळ सरकल्या. वाचता वाचता त्यांचा चेहरा बदलत गेला.

"सातपुते, तुम्ही इलाज करता?"

"इलाज? न्हाई, बाई. मी बूट करतो."

"इथं लिहिलंय, ऑपरेशनशिवाय, प्लास्टरशिवाय वाकडा पाय खात्रीनं सरळ. पोलिओवर हमखास उपाय. तीन महिन्यांत गुण." त्यांनी स्क्रीन तात्यांकडं वळवली. "आणि तेही लपवून लिहिलंय. असल्या जाहिरातींपायी लोक प्लास्टर मध्येच सोडून जातात. दोन वर्षांनी पोर परत घेऊन येतात, तेव्हा हाड घट्ट झालेलं असतं. ते पोर मग माझ्याच टेबलावर येतं."

लोक नेटवर काय काय टाकून शोधतात त्याची एक यादी मला मिळाली होती. वाकडा पाय, इलाज, बिना ऑपरेशन. मी ती न वाचता उचलून चिकटवली होती. माझ्या लेखी ते शब्द होते, त्यांना काही अर्थ असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

तात्यांनी त्या निळ्या पट्ट्यांकडं बघितलं. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं. मग माझ्याकडं बघितलं. माझ्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं असणार, आणि ते मराठीत होतं.

"कुणी लिहिलं हे?" बाईंनी विचारलं.

मी परत भिंतीवरचा तक्ता बघायला लागले.

"माझंच हाय," तात्या म्हणाले.

"तुम्ही लिहिलंत?"

"वर नाव कुणाचं हाय, बाई? माझं न्हवं? मग लिवलंयबी मीच. बुटाला टाका कारागिरानं घातला का मी घातला, गिऱ्हाइकाला काय करायचंय."

त्यांनी जोड पिशवीत घातला, हात जोडले आणि बाहेर गेले. मी त्यांच्यामागं. व्हरांड्यात बाकावर पोरं घेऊन आलेल्या बायका बसल्या होत्या. एका खांबापाशी ते थांबले.

"खरंच तसं लिवलंयस?"

"हो."

"का गं?"

"लोक तसंच शोधतात, तात्या."

"लोकं ताईतबी शोधत्यात," ते हळू आवाजात म्हणाले. "म्हणून मी ताईत इकू?"

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते जाऊन बाकाच्या टोकाला बसले, पिशवी पायाशी ठेवली. मी तिथं उभीही राहू शकेना आणि बसूही शकेना. दोन फेऱ्या मारल्या, मग दार ढकलून परत आत गेले.

"मॅडम, ते मी लिहिलंय. त्यांना ठाऊकही नव्हतं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "हे पाच मिनिटांपूर्वी का नाही बोललात?"

मी दार मागं लोटून घेतलं.

"बरं, एक सांगा. हा माणूस माप कसं घेतो? पाऊल वाढतं तसा बूट कधी बदलतो? पोर रडून रडून बूट घालू देत नाही, तेव्हा आईला काय सांगतो?"

मला एकाही प्रश्नाचं उत्तर येत नव्हतं. आठ महिने त्या कारखान्यात माझी ये-जा होती, चहा प्यायला होता, पेढा खाल्ला होता. सगळा वेळ मी कम्प्युटरकडं तोंड करून बसले होते आणि माझ्या पाठीमागं ते काम करत होते.

"मग त्यांच्याबद्दल लिहिलंत तरी काय?" बाई म्हणाल्या. "हे पान पहिलं काढा. नाव छापायचं पुढं बघू. आता नाही. आणि मला सांगून काय उपयोग? ते बाहेर बसलेत."

तात्यांचं नाव त्या कागदावर यायला पुढं सव्वा वर्ष लागलं. त्यातले सहा महिने कारखान्याला कुलूप होतं आणि दोन कारागिरांतला एक काम सोडून कायमचा गेला. ते सहा महिने माझ्या खाती आहेत.

बाहेर आले तर तात्या बाकावर नव्हते. ते खाली फरशीवर मांडी घालून बसले होते. समोर एक नवराबायको, जतकडची. बाईच्या मांडीवर सात-आठ महिन्यांची मुलगी. तिच्या पायात पट्टीचे बूट होते, एवढे मोठे की टाच आत हलत होती. तात्यांनी एक बूट सोडला. टाचेला फोड येऊन फुटला होता.

"ह्यो कुटनं आणला?"

"पुण्यासनं," नवरा म्हणाला. "अंदाजानंच दिला त्यांनी, वाढत्या अंगाचा. तीन खेपा झाल्या पुण्याला. बदलून मिळंना. आता काढून टाकावा म्हणतोय, लई रडती."

"काढू नगा. पाय परत फिरंल," तात्या म्हणाले. "रडती ती बुटापायी न्हवं, टाच वर सुटती म्हणून. टाच आत टेकली का न्हाई, हे बघायला हितं मागं एक भोक ठेवायचं, त्यातनं टाच दिसाय पायजे. आंघुळीनंतर लगेच घालायचा, पोरगी पेंगाय लागली की. हसत घालायचा. तुमचं तोंड बघून रडत्यात पोरं."

ती बाई ऐकत होती. मीही पहिल्यांदाच ऐकत होते.

"तुमी कुठलं?" नवऱ्यानं विचारलं.

"कोल्हापूरचा. सुभाषनगर. मीच करतो हे बूट."

"कोल्हापुरात मिळत्यात?" तो बायकोकडं बघायला लागला. "अवो, लई हुडकलं की आमी. जतला नेट कॅफेत जाऊन बघितलं. माझ्या भावाच्या मोबाइलवरबी बघितलं. पुन्हापुन्हा पुण्याचंच येतंय."

"आज सर्वर डाऊन हाय," तात्या म्हणाले. "न्हाईतर पहिला नंबर माझाच येतोय."

माझंच खोटं. त्यांनी ते भाबडेपणानं त्या माणसाच्या हातावर ठेवलं.

"आज न्हवं वो," तो म्हणाला. "पोरगी जलमली तवापास्नं हुडकतोय."

तात्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं.

"तात्या," मी म्हटलं, "सर्व्हर डाऊन नाही. तुमचा पहिला नंबर कधी नव्हताच. तुम्ही रोज स्वतःचं पान उघडता, म्हणून तुमचं मशीन तुम्हाला ते वर दाखवतं. तेवढंच. दुसऱ्या कुणाला तुम्ही दिसत नाही. मला पहिल्या महिन्यापासून माहीत होतं."

त्यांच्या हातात त्या मुलीचं पाऊल होतं. ते तसंच धरून ते बसून राहिले. समजलं तेव्हा चेहऱ्यावरचं काहीतरी उतरलं, आणि ते मी उतरवलं होतं. आजही ते आठवलं की मला एका जागी बसवत नाही.

"म्हंजे आठ महिनं," ते म्हणाले, "मी एकटाच मला हुडकत हुतो."

मला रडू फुटलं. व्हरांड्यातल्या बायका बघायला लागल्या. जतची ती बाई गोंधळून कधी माझ्याकडं, कधी तात्यांकडं बघत होती. मुलगी मात्र पहिल्यांदाच गप्प होती, तात्यांच्या मिशीकडं टक लावून.

तात्यांनी खिशातून मोजपट्टी काढली.

"रडाय नंतर बस," ते मला म्हणाले. "आधी कागद काढ. आणि आता मी सांगतो तेवढंच लिव. डावा पाय. टाच ते अंगठा, अकरा सेंटीमीटर."